पहिलं 'नको'

पाहुणे बसमध्ये बसले, सामान डिकीत गेलं, दार लागलं, की माइक्या माइक हातात घ्यायचा आणि आधी त्यात दोनदा फुंकर मारायचा. त्याची काही एक गरज नसायची, माइक आधीपासून चालूच असायचा. पण फुंकर मारल्याशिवाय त्याचा घसा उघडत नसे. 'माइक्या' हे नाव त्याला बसच्या ड्रायव्हरने दिलं होतं आणि ते असं चिकटलं होतं, की त्याचं खरं नाव विचारलं असतं तर हॉटेलातल्या निम्म्या लोकांनी डोकं खाजवलं असतं.

परदेशी पाहुण्यांना गाव दाखवायचं, हा त्याचा धंदा. जुना पूल, घड्याळाचा मनोरा, राजवाड्यातलं संग्रहालय, नदीकाठचा बाजार, सगळं त्याला तोंडपाठ होतं. पण पाहुणे खरोखर कान देऊन ऐकायचे ते त्याचं पहिल्या दिवसाचं भाषण. ड्रायव्हर त्याला 'देण्याघेण्याचं प्रवचन' म्हणायचा. कारण परक्या देशात उतरलेल्या माणसाला मनोरा कुणी बांधला याची फारशी चिंता नसते. त्याला धास्ती असते ती टीपची. कुणाला द्यायची, किती द्यायची, कशी द्यायची? कमी दिली तर कंजूष ठरू, जास्त दिली तर बावळट ठरू, आणि भलत्याला दिली तर तो रागावेल.

ही धास्ती अगदीच खोटी नव्हती. एका पाहुण्याने हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या गृहस्थाच्या हातावर नाणं ठेवलं होतं आणि ते गृहस्थ हॉटेलचे मालक निघाले होते. मालकांनी वाकून आभार मानले आणि पुढे वर्षभर ते नाणं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. एका बाईंनी रस्ता दाखवला म्हणून वाहतूक पोलिसाला नोट देऊ केली, तर पोलिसाने आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं. माइक्या हे किस्से रंगवून सांगायचा. बस हसून मोकळी झाली की मुद्द्यावर यायचा.

"सामान उचलणाऱ्याला तिथल्या तिथे द्या, पण मूठ झाकून द्या. जेवणाच्या बिलात आधीच लावलेलं असेल तर पुन्हा देऊ नका. तुमच्याकडची नाणी देऊ नका, ती इथे कुणी बदलून देत नाही. खोली साफ करणाऱ्या बाईला निघायच्या दिवशी एकदम नको, रोजचं रोज द्या, कारण बाई बदलते. आणि उशीवर ठेवा. टेबलावर ठेवलेलं तुम्ही विसरलात असं वाटतं, आणि विसरलेल्या वस्तूला त्या हात लावत नाहीत. ड्रायव्हरला शेवटच्या दिवशी. गाईडबद्दल मी काही बोलणार नाही, मला संकोच वाटतो."

यावर बस खदखदून हसायची, आणि गाईडच्या संकोचाचं शेवटच्या दिवशी बरोब्बर भलं व्हायचं.

खोली साफ करणाऱ्या बाईचं वाक्य तो जरा सावकाश, जोर देऊन म्हणायचा. त्या हॉटेलच्या वरच्या मजल्याची बाई त्याची सख्खी वहिनी होती. हे मात्र तो सांगायचा नाही.

आई गेली तेव्हा माइक्या शाळेत होता आणि दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. नव्या नवरीच्या पदरात आल्या आल्या एक हट्टी, रडकं, नाकातून शेंबूड गाळणारं पोर पडलं. तिने त्याला न्हाऊ घातलं, दटावलं, तापात मांडीवर घेऊन बसली आणि गणितात नापास झाला तेव्हा लाटण्याचा धाकही दाखवला. तिला स्वतःला मूल झालं नाही. कुणी त्यावर बोललंच तर ती माइक्याकडे बोट दाखवून म्हणायची, "हे एक पुरे आहे, दुसरं झेपलं नसतं."

ती हॉटेलच्या धुलाईखान्यात कामाला लागली. पाहुणे खोलीत टाकून गेलेली मासिकं, कादंबऱ्या, माहितीपत्रकं ती पिशवीत घालून घरी आणायची. माइक्या परकी भाषा शिकला तो त्यातून. बऱ्याच कादंबऱ्यांची शेवटची पानं गेलेली असायची, त्यामुळे त्या भाषेत गोष्ट सुरू करायला त्याला झकास जमायचं, संपवताना तो अडायचा. माहितीपत्रकं मात्र धडधाकट असायची. म्हणून शाळेत जाताना तो उंबऱ्यावरून वहिनीला परक्या भाषेत म्हणायचा, "आपला मुक्काम सुखाचा होवो." वहिनीला त्यातलं अक्षर कळायचं नाही. ती भांडी घासता घासता म्हणायची, "तुझाही तसाच होऊ दे."

पुढे हॉटेलात गाईड हवा होता तेव्हा मॅनेजरच्या मागे लागून तिनेच त्याला तिथे चिकटवला. दादा वारला. माइक्याचं लग्न झालं, मुलगी झाली. वहिनी त्यांच्यातच मागच्या खोलीत राहायची. माइक्याची बायको गमतीने म्हणायची, "सासू नाही म्हणून या घरात हसत हसत आले, आणि बघते तर वहिनी दोन सासवांना पुरून उरणारी." धुलाईखान्यातून वहिनी वरच्या मजल्यावर आली आणि हळूहळू तिच्या उजव्या गुडघ्याने संप पुकारला. लिफ्ट पाहुण्यांसाठी होती. नोकरमाणसांनी जिना वापरायचा. वहिनी कठडा धरून एकेक पायरी चढायची आणि वर पोहोचली की जिन्याला शिवी हासडायची. गुडघ्याचं एकदा नीट बघून घ्यायचं होतं. ते दर वर्षी पुढच्या वर्षावर जायचं.

आता ही वहिनी माइक्याने पाहुण्यांपासून का लपवली? लपवायची असं ठरवून काही झालं नव्हतं. पहिल्यावहिल्या गटातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्याची भाषा ऐकून म्हटलं होतं, "तुमच्या घरी सगळे शिकलेले असणार." माइक्या 'हो' म्हणाला. तेवढंच. पण पाहुण्यांना गाईडच्या घरच्यांबद्दल फार उत्सुकता असते. पुढच्या गटाला त्याने दादा शिक्षक असल्याचं सांगितलं. मग दादा प्राध्यापक झाला. वारल्यानंतरही दादाची बढती काही थांबली नाही. आणि वहिनी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली. शिस्तीची, करारी, पण आतून मायाळू. हे वर्णन करताना माइक्याला भरून यायचं. आपण तिला एक प्रकारे मानच देतो आहोत, असं त्याला वाटायचं. अशी समजूत करून घ्यायला फुकटात जमतं, म्हणून माणसं ती करून घेतात.

हॉटेलातल्या नोकरमाणसांना नातं ठाऊक होतं, पाहुण्यांना नव्हतं. पाहुण्यांची भाषा नोकरमाणसांना येत नव्हती आणि नोकरमाणसांची पाहुण्यांना. दोघांच्या मधे एकटा माइक्या उभा होता. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

मग छत्रीवाल्या बाई आल्या. रणरणत्या उन्हातही हातात मिटलेली छत्री, म्हणून ड्रायव्हरने ठेवलेलं हे नाव. वयाने वहिनीपेक्षा थोड्या मोठ्या, एकट्या आलेल्या, सगळ्यांशी हसून बोलणाऱ्या. गट दुसऱ्या गावी मुक्कामाला निघाला त्याच सकाळी त्यांना सडकून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही. गट पुढे गेला, त्याच्याबरोबर माइक्याला जावंच लागलं, आणि बाई वरच्या मजल्यावरच्या खोलीत मागे राहिल्या.

त्यांना वहिनीने सांभाळलं. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, चादरी बदलल्या, सूप भरवलं. ड्युटी संपली तरी ती उशाशी बसून राहायची. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. त्यामुळे दोघी आपापल्या भाषेत बिनधास्त बोलायच्या. बरं वाटायला लागलं तेव्हा वहिनीने त्यांचे केस विंचरून दिले. बाई पुन्हा पुन्हा आरशात बघत राहिल्या, असं वहिनी घरी सांगत होती.

गट परत आला. निघायच्या दिवशी हॉटेलच्या खालच्या दालनात सामानाची रांग लागली होती, बस दारात उभी होती. छत्रीवाल्या बाईंनी माइक्याला थांबवलं आणि वरच्या मजल्याच्या बाईला खाली बोलवायला सांगितलं. वहिनी आली. निळा गणवेश, कोपरापर्यंत सरसावलेल्या बाह्या, हात अजून ओले. बाईंनी पर्समधून एक जाडसर पाकीट काढलं. उशीवर ठेवण्यातलं हे नाही, हातात द्यायचं आहे, असं त्यांनी माइक्याला आवर्जून सांगितलं. मग पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं.

"अगं बाई, नको नको," वहिनी म्हणाली आणि हात गणवेशाला पुसायला लागली. मग माइक्याकडे वळून हसली. "सांग ना तिला, मी तुझी वहिनी. घरच्या पोराचे पाहुणे. त्यांचं केलं म्हणून कुणी पैसे घेतं का?"

हे 'नको' कसलं आहे, ते माइक्याला पुरतं ठाऊक होतं. त्याचा सगळा जन्म या 'नको'च्या सहवासात गेला होता. वहिनी घे म्हटलं की घेणाऱ्यातली नव्हतीच. चहा घेतेस? नको. अगं घे. नको गं, आत्ताच झाला. घे म्हणते ना. बरं, अर्धा कप. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं संकोचाचं. आणि तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही, तर घरी येईपर्यंत ती वाटभर पुटपुटायची, काय माणसं आहेत, साधा चहा विचारत नाहीत. हात पुसायला लागली म्हणजे ती घेणार होती. ओल्या हाताने पाकीट भिजायला नको, म्हणून पुसत होती.

पण छत्रीवाल्या बाईंच्या मागे अख्खा गट उभा होता. त्यांच्यात एक शाळामास्तर होते. आदल्या संध्याकाळी जेवताना त्यांनी माइक्याच्या वहिनीच्या शाळेची बारीकसारीक चौकशी केली होती आणि माइक्याने त्यांना शाळेच्या बागेपर्यंत सगळं वर्णन करून सांगितलं होतं. मास्तर आत्ता त्याच्याकडेच बघत होते. माइक्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"त्या नको म्हणतात," तो परक्या भाषेत म्हणाला. "जे केलं ते माणुसकीने केलं, असं त्यांचं म्हणणं आहे. कृपा करून आग्रह करू नका. आमच्याकडे अशा वेळी आग्रह केला तर माणूस दुखावतो."

शब्दाला शब्द लावून पाहिलं असतं, तर यात खोटं फार थोडं सापडलं असतं. 'नको' ती म्हणालीच होती. दुभाष्याला कुणी कोर्टात उभं केलं असतं तरी तो सुटला असता.

पहिल्या दिवसाचं प्रवचन बाईंनी मन लावून ऐकलं होतं. चूक करायची त्यांना फार भीती. त्यांनी लाल होत पाकीट पर्समध्ये ठेवलं, वहिनीचे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीने ते डोळे पाहिले. तिच्या तोंडावर असा काही आनंद पसरला, की माइक्याने नजर वळवून उगाचच सामान मोजायला घेतलं. बस निघाली तेव्हा वहिनी जिना चढत होती, कठडा धरून, एकेक पायरी.

संध्याकाळी घरी ताटं वाढता वाढता तिने हे माइक्याच्या बायकोला आणि मुलीला सांगितलं. "सगळ्यांसमोर सांगितलं गं यानं, ही माझी वहिनी म्हणून. ती बाई काय बघत राहिली माझ्याकडे. डोळे भरले तिचे." मग माइक्याच्या ताटात वाढताना हसली. "मला आपलं वाटलं, पुन्हा एकदा तरी घ्या म्हणेल. दुसऱ्या खेपेला मी घेतलंच असतं रे, खोटं कशाला बोलू. गुडघ्याचं झालं असतं. पण असू दे. तू एवढ्या लोकांत म्हणालास, मला सगळं पावलं."

माइक्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. मुलीने विचारलं, "बाबा, तिखट लागलं का?" तो हो म्हणाला आणि पाणी प्यायला.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. वहिनीचं पाकीट गेलं, ते तर होतंच. पण पाकिटाच्या बदल्यात आपल्याला जे मिळालं असं तिला वाटत होतं, तेही तिला मिळालेलं नव्हतं. आणि हे जगात एकट्या माइक्याला माहीत होतं. वहिनी तो प्रसंग धुलाईखान्यात सांगायची, भटारखान्यात सांगायची, भाजीवालीला भाजी निवडता निवडता सांगायची. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. काही दिवसांनी तर माइक्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून ते सांगितलं होतं. माइक्या आसपास असला की तिने त्याला साक्षीला ओढलंच. "हो की नाही रे?" आणि तो म्हणायचा, "हो."

त्याने आपलं प्रवचन बदललं. आता तो माइकमध्ये फुंकर मारून सांगायचा, "आमच्याकडचं पहिलं 'नको' खरं मानू नका. पुन्हा विचारा. तिसऱ्यांदाही विचारा. समोरचा हात पुसत असेल, तर तो घेणार आहे." पाहुण्यांनी हे फारच मनावर घेतलं. रस्ता दाखवणाऱ्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या मागे एक जोडपं नोट घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलं. न्यायाधीश जितके नको नको म्हणत, तितका त्यांचा उत्साह वाढत गेला. पण हॉटेलातले हमाल, वाढपी, दारावरचा म्हातारा पहारेकरी यांचं उखळ पांढरं झालं. पहारेकरी माइक्याचा हात धरून म्हणाला, "साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो. मला बापजन्मात हो म्हणता आलं नव्हतं." माइक्याला तो हात सोडवून पळून जावंसं वाटलं. ज्या एका माणसासाठी हे वाक्य आधी बोलायला हवं होतं, ते माणूस सोडून सगळ्या गावाला त्याचा फायदा झाला होता, आणि वर दुवा त्यालाच मिळत होता.

त्याने वहिनीला म्हणून पाहिलं, "चल, गुडघा दाखवून येऊ. खर्चाचं मी बघतो."

"नको."

तो हट्टाला पेटला. पुन्हा म्हणाला. "नको रे, पोरीच्या शिक्षणाला राहू दे." त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तशी ती वैतागली. "कानात बोळे घातलेस का? तुझ्याकडून पाहिजे असेल तेव्हा कान धरून घेईन. घरात कसली आलीय टीप?" तिसरं 'नको' खरं असतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

एकदा तो सगळं बोलून टाकायचं ठरवून तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. वहिनी पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसली होती. "काय रे?" तिने विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. "खिडकी लावू का?" त्याने खिडकी लावली आणि परत आला. मग त्याने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवसातलं तिच्याकडे आता एवढंच उरलंय. तेही काढून घेणार आहेस?" हे माइक्याला पटलं. सोयीचं होतं, म्हणून जरा लवकरच पटलं.

पुढच्या हंगामात छत्रीवाल्या बाई पुन्हा आल्या. हातात तीच मिटलेली छत्री. बसमध्ये चढल्या चढल्या त्यांनी माइक्याला मिठी मारली आणि त्याच्या हातातला माइक चक्क मागून घेतला. नव्या गटाला त्यांनी गोष्ट सांगितली. आपण आजारी पडलो, तेव्हा एका गरीब बाईने आपल्याला बहिणीसारखं सांभाळलं, आणि निघताना देऊ केलेलं पाकीट नाकारलं. माणुसकीची किंमत होत नाही, असं ती म्हणाली. ही गोष्ट आपण घरी नातवंडांना सांगितली, मैत्रिणींना सांगितली, आपल्या वाचनमंडळातही सांगितली. सगळी बस टाळ्या वाजवत होती. माइक्या पायरीवर उभा होता आणि त्याला वाटत होतं, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबावा आणि आपण काचेतून बाहेर पडावं. वहिनी एक गोष्ट सांगत फिरत होती, बाई दुसरी. दोघी अभिमानाने सांगत होत्या, आणि दोन्ही गोष्टी त्याच्या एका वाक्यातून निघाल्या होत्या.

बाई येणार हे त्याला आधी कळलं होतं. सकाळी त्याने वहिनीला सुचवूनही पाहिलं, "गुडघा फार दुखतोय तर आज रजा घे की." स्वागतकक्षातल्या मुलीने तिला केव्हाच बातमी दिली होती. "ती माझ्यासाठी एवढ्या लांबून यायची आणि मी रजा घेऊ? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" वहिनी म्हणाली. त्या दिवशी तिने इस्त्रीचा गणवेश घातला.

बाईंना तीच खोली दिली होती. माइक्या त्यांना घेऊन वर गेला. दार उघडं होतं, फरशी ओली होती, बादली दाराशी होती आणि वहिनी खिडकीपाशी फुलदाणी ठेवत होती. दोघींनी एकमेकींना कडकडून मिठी मारली आणि पुन्हा आपापल्या भाषेत एकदम बोलायला लागल्या. मग बाईंनी पिशवीतून विणलेलं काहीतरी काढलं. जाड, मऊ लोकरीचे दोन गुडघेपट्टे होते, गडद निळे, गणवेशाच्या रंगाचे.

"ही टीप नाही, हे त्यांना सांगा," बाई माइक्याला म्हणाल्या. "टीपने त्या दुखावतात, ते मी विसरलेले नाही. मागच्या वेळी मी त्यांना जिना चढताना पाहिलं होतं. हे मी माझ्या हातांनी विणलंय."

माइक्याने सांगितलं. टीपचं वाक्य गाळून सांगितलं.

वहिनीने गुडघेपट्ट्यांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा विरघळला. "माझा गुडघा लक्षात ठेवला होय हिनं? नको नको म्हणणार होते, पण हे घेते बाई." मग तिला काहीतरी आठवलं. तिने माइक्याच्या दंडाला धरलं. "आधी तिला विचार, तिकडे तिच्या लोकांना सांगितलं का, ती बाई आपल्या गाईडची वहिनी होती म्हणून?"

माइक्या काहीही सांगू शकला असता. विचारते आहे तुमची तब्येत कशी आहे, असं सांगितलं असतं तरी भागलं असतं. दोघींना जन्मात पत्ता लागला नसता. पण वहिनीने दंड धरला होता, आणि पोरपणी रस्ता ओलांडताना ती तो असाच धरायची. त्याला वाटलं, आता नाही. आता पुरे.

"या माझ्या वहिनी आहेत," तो परक्या भाषेत म्हणाला. "माझ्या थोरल्या भावाची बायको. यांनी मला लहानाचं मोठं केलं. विचारताहेत, तुम्ही हे घरी सांगितलं का?"

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, दाराशी ठेवलेल्या बादलीकडे पाहिलं. "पण तुमच्या वहिनी तर मुख्याध्यापिका आहेत ना?" त्या हळूच म्हणाल्या.

वहिनी हसत उत्तराची वाट बघत होती. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि आश्चर्याचं भाषांतर कुणाला करावं लागत नाही. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त आतून कुणी दिवा मालवावा तसं झालं.

"हिला माहीत नव्हतं?" तिने विचारलं. "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तुमची वहिनी तर मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे ना."

"कोण?"

"तू."

वहिनीने त्याचा दंड सोडला. "मग त्या दिवशी खाली तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, या घेणार नाहीत. आग्रह करू नका."

"आणि वहिनी आहे म्हणून?"

"ते नाही सांगितलं," माइक्या म्हणाला. "वहिनी, माझं चुकलं. मला तेव्हा लाज वाटली गं."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, की शेवटचं वाक्य सगळ्यात खरं होतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं. वहिनीने वर पाहिलं नाही. ती रागावली असती, रडली असती, बादलीतलं पाणी अंगावर ओतलं असतं, तर त्याने ते आनंदाने सोसलं असतं. छत्रीवाल्या बाई गोंधळून विचारत होत्या, "काय झालं? माझं काही चुकलं का?"

वहिनीने पुढे होऊन त्यांच्या हातातले गुडघेपट्टे घेतले. एकदाही नको म्हणाली नाही. ते पलंगाच्या कडेला ठेवून तिने त्यांच्यावरून हात फिरवला, मग बाईंचा हात आपल्या हातात घेऊन थोपटला. माइक्याकडे वळली तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता. पाहुण्यांशी बोलायचा, ठेवणीतला.

"त्यांना सांगा. वरच्या मजल्याची बाई म्हणते, फार छान झालेत. माप बरोबर बसेल."

आजवर ती त्याला सांग म्हणत आली होती, ये, जेव, झोप, मर तिकडे म्हणत आली होती. ते 'सांगा' माइक्याच्या छातीत जाऊन बसलं. तिने बादली उचलली, पाय जपत ओल्या फरशीवरून बाहेर गेली आणि शेजारच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

माइक्याने भाषांतर केलं. एकही शब्द गाळला नाही, एकही पदरचा घातला नाही. पण त्या भाषेत तू आणि तुम्ही एकच आहे. त्यामुळे बाईंना त्यात वावगं काही दिसलं नाही, आणि त्या खूश झाल्या.